नाशिकला यायचे पैसे द्यायचे, तर कसे द्यायचे

बाहेरच्या माणसांनी नाशकात राहायला यावं म्हणून पैसे देण्याच्या योजनेचा कागद करण्याआधी एक गोष्ट मान्य करून टाकावी. नाशिक ओस पडत चाललेलं शहर नाही. २००१ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत १० लाख ७७ हजार माणसं होती, २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार. डोकी कमी नाहीत. दुखणं वेगळं आहे: इंजिनीअरिंग झालेलं पोरगं हिंजवडीला नाहीतर बंगळुरूला जातं, दहा-पंधरा वर्षं तिथेच काढतं, आणि इकडे गंगापूर रोडच्या तीन खोल्यांत आईवडील दोघंच राहतात. अंबडला एमआयडीसीने बांधलेली आयटी पार्कची इमारत वर्षानुवर्षं रिकामी राहिली, ती याच कोंडीची खूण. कंपनी म्हणते माणसं नाहीत, माणसं म्हणतात कंपनी नाही.

तेव्हा ‘लोकसंख्या वाढवणे’ असं उद्दिष्ट लिहिलेला प्रस्ताव पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवा. उद्दिष्ट एका वाक्यात आणि आकड्यात हवं. उदाहरणार्थ: ‘नाशिकबाहेरून पगार आणणारी किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत न मिळणारं कौशल्य आणणारी १०० कुटुंबं, किमान दोन वर्षं राहतील अशी.’ पुढचे सगळे निर्णय या वाक्यावरून होतात.

इतरांनी काय केलं

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘या आणि १०,००० डॉलर घ्या’ अशी योजना निघाली. बातमीत एवढंच येतं. बातमीत न येणारे तपशील जास्त कामाचे आहेत. पैसे करातले नव्हते, जॉर्ज कायझर यांच्या कुटुंबाच्या फाउंडेशनचे होते. अर्जदाराची नोकरी ओक्लाहोमाबाहेरची असायला हवी होती, म्हणजे तो स्थानिकाची जागा खात नव्हता. वर्षभर राहायची अट होती. मुलाखत घेऊन निवड व्हायची. आणि आलेल्याला बसायला टेबल, ओळखी करून द्यायला माणसं ठेवलेली होती. आजवर तीन हजारांहून जास्त लोक तिथे आले.

अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्याने २०१८ मध्ये कायदा करून जानेवारी २०१९ पासून दोन वर्षांत मिळून १०,००० डॉलरपर्यंत रक्कम द्यायला सुरुवात केली. आधी खर्च करा, पावत्या द्या, मग पैसे घ्या, अशी पद्धत. निवड मात्र ‘जो आधी येईल त्याला’. पुढे राज्याच्या लेखापरीक्षकांनीच विचारलं की ही माणसं पैसे नसते तरी आली नसती कशावरून? उत्तर द्यायला राज्याकडे काही नव्हतं.

स्वित्झर्लंडमधल्या अल्बिनेन गावाने २०१७ मध्ये प्रौढामागे २५,००० आणि मुलामागे १०,००० फ्रँक देऊ केले. वय ४५ च्या आत, किमान दोन लाख फ्रँकचं घर घ्यायचं आणि दहा वर्षं राहायचं. जपानने २०१९ पासून टोकियो सोडणाऱ्या कुटुंबाला दहा लाख येनपर्यंत द्यायला सुरुवात केली, आणि तीन वर्षांच्या आत गाव सोडलं तर सगळी, पाच वर्षांच्या आत सोडलं तर निम्मी रक्कम परत करावी लागते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहराने अर्धा भार नोकरी देणाऱ्या कंपनीवर टाकला. नाशिकला हीच शेवटची पद्धत सगळ्यात जवळची आहे. का, ते पुढे येतंच.

आपल्याकडचा दाखला शोधायला लांब जायला नको, ओझरचं विमानतळ पुरे. उडान योजनेत तोटा भरून काढायचं अनुदान तीन वर्षांपुरतं असतं. त्या जोरावर नाशिकहून काही उड्डाणं सुरू झाली आणि बंदही पडली. अनुदान संपल्यावर स्वतःच्या पायावर उभं राहील एवढं गिऱ्हाईक नसेल, तर अनुदान म्हणजे फक्त मुदतवाढ. माणसांनाही हाच नियम लावून बघा: पैसे संपल्याच्या दुसऱ्या महिन्यात हे कुटुंब नाशकात का थांबेल?

पैसे कोणाचे, आणि परत कुणाच्या खिशात

बहुतेक प्रस्ताव इथेच फसतात, म्हणून यावर सर्वात जास्त वेळ घालवा.

गृहीत धरलेलं असतं की महापालिका पैसे देईल आणि नव्या माणसाच्या करातून ते वसूल होतील. हिशेब मांडून बघा. नव्या माणसाचा आयकर जातो दिल्लीला. व्यवसायकर वर्षाला फार तर २,५०० रुपये, तोही राज्याला. कंपनी बंगळुरूची असेल तर बऱ्याचदा तिकडेच कापला जातो. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ ला जीएसटी आला. त्याची भरपाई म्हणून महापालिकेला जे अनुदान मिळतं ते जुन्या उत्पन्नावर ठरलेलं आहे, यंदा गावात किती माणसं आली यावर नाही. घरपट्टी घराला लागते, माणसाला नाही. बंद फ्लॅटचीही येते, भरलेल्याचीही येते. उरतो एकच सरळ धागा: घरखरेदी. मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का अधिभार महापालिकेसाठी घेतला जातो. म्हणजे ६० लाखांच्या फ्लॅटवर ६०,००० रुपये, आणि तेही एकदाच.

शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत आणि ६६ मध्ये ऐच्छिक. ‘नाशकात राहायला आला म्हणून अमक्याला ७५ हजार रोख’ हे त्यात कुठे बसवणार? ओढूनताणून बसवलं तरी लेखापरीक्षणात आक्षेप निघणार, आणि तो निघेपर्यंत ठराव आणणारे बदललेले असणार. महापालिकेकडून रोख मागू नये. जागा मागावी: पडून असलेला हॉल, अभ्यासिकेवरचा मजला, रात्री दहापर्यंत उघडं राहणारं बसायचं ठिकाण. हे कायद्यातही बसतं आणि उपयोगही जास्त.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचं, नाव प्रत्येक बैठकीत कुणीतरी काढतंच. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो हे खरं, पण तो सातव्या अनुसूचीत दिलेल्या कामांवर. चांगल्या पगाराच्या माणसाचं सामान हलवणं त्यात येत नाही. कंपनी सेक्रेटरीने एकदा ‘नाही’ म्हटलं की पुढचे तीन महिने वाया जातात, तेव्हा त्या दारात जाऊच नका.

मग फायदा होतो कुणाला? घरमालकाला, बिल्डरला, किराणा-दूध-शाळावाल्याला आणि माणूस हवा असलेल्या कारखान्याला. पैसे त्यांच्याकडून काढायचे. कारखान्याशी बोलताना एकच आकडा समोर ठेवा. भरती करून देणारा कन्सल्टंट साधारण वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार घेतो. १२ लाखांच्या जागेला एक लाख. नाशिककर इंजिनीअर या योजनेच्या निधीने शोधून दिला तर त्यातले निम्मे, ५०,०००, निधीत टाका एवढंच म्हणायचं. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजक संघटनांच्या सभासदांना हे गणित पाच मिनिटांत पटतं. ‘शहराच्या विकासासाठी सहकार्य करा’ हे पाच वर्षांत पटत नाही.

बिल्डरकडूनही रोख मागू नये. न विकलेला तयार फ्लॅट पहिले तीन महिने निम्म्या भाड्याने द्यायला सांगावा. त्याला रिकाम्या फ्लॅटचा मेंटेनन्स तसाही भरावा लागतो.

हे सगळे पैसे ठेवायला सेक्शन ८ कंपनी (नफा न वाटणारी) किंवा नोंदणीकृत ट्रस्ट लागेल. आणि सीए पहिल्या दिवसापासून हवा, कारण कराची एक मेख आहे: नातेवाईक सोडून इतरांकडून मोबदल्याशिवाय मिळालेली रक्कम आर्थिक वर्षात ५०,००० च्या वर गेली की वरची नाही, सगळीच करपात्र होऊ शकते. म्हणून हप्ते असे पाडा की काही ३१ मार्चच्या आधी आणि काही नंतर पडतील, आणि एकाही वर्षात ५०,००० च्या वर जाणार नाहीत. कंपनीमार्फत देत असाल तर रोख बोनस टाळा, तो पगार धरला जातो. बदलीचा खर्च पावतीवर द्या.

रक्कम किती

गोल आकडा जाहीर करायचा मोह आवरा. एक लाख म्हटलं की बॅनर चांगला दिसतो, पण माणूस ज्या खर्चाने अडतो तो मोजून द्यायचा असतो. हिशेबासाठी पाथर्डी फाटा किंवा इंदिरानगर भागातला दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं १८,००० असं धरू.

डिपॉझिट तीन महिन्यांचं, ५४,०००. दलाली एक महिन्याची, १८,०००. पुण्याहून टेम्पो आणि पॅकिंग २५,०००. अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे पाचशेच्या आसपास. नोंदणी फी १,०००. करार करून देणाऱ्याचे पैसे धरून ३,०००. घरून काम करणाऱ्याला इन्व्हर्टर-बॅटरी आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची फायबर लाइन, ३०,०००. दोन लाइन हा चोचला नाही. देखभालीसाठी वीज गेली आणि रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली असं एकाच दिवशी होतं, आणि त्याच दिवशी क्लायंटचा कॉल असतो.

डिपॉझिट सोडून बेरीज ७६,००० होते. डिपॉझिट हे परत येणारे पैसे आहेत, म्हणून अनुदानात धरू नका. निधीने ते थेट घरमालकाला द्यावं, करारात तसं लिहून घ्यावं, आणि भाडेकरू गेला की निधीकडे परत घ्यावं. तीच रक्कम पुढच्या कुटुंबाला फिरते. ७५,००० अनुदान, १०० कुटुंबं: ७५ लाख. डिपॉझिटचा फिरता निधी ५४ लाख. दोन पगारी माणसं वर्षाला १२ लाख. एकूण १ कोटी ४१ लाख, त्यातले ५४ परत येणारे, म्हणजे खरा खर्च ८७ लाख.

पगारी माणसं वगळून ‘स्वयंसेवक करतील’ असं लिहिलंत तर योजना दिवाळीच्या आधी सुरू होऊन होळीला बंद पडेल.

आता कडू भाग. ८७ लाखांत १०० कुटुंबं, म्हणजे दरडोई नव्हे पण दरघरी ८७,००० दिसतात. पण त्यातली ८० तशीही येणार होती असं निघालं तर खऱ्या अर्थाने आलेलं एकेक कुटुंब ४ लाख ३५ हजारांना पडलं. निम्मी आली असती तर १ लाख ७४ हजारांना. कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या सवलतींबाबत अमेरिकी अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी काढलेला अंदाज असा की सवलतीमुळे निर्णय बदलला अशा कंपन्या २ ते २५ टक्केच असतात. माणसांबाबत आकडा वेगळा निघेल, पण अहवालात ‘१०० पैकी १००’ लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुसरी बाजूही मांडा: महिन्याला ५०,००० गावात खर्च करणारं कुटुंब वर्षाला सहा लाख इथे फिरवतं. वसुली होते ती गावाची, निधीची नाही. म्हणूनच पैसे कोणाकडून काढायचे हा प्रश्न आधी.

कुणाला बोलवायचं

जाहिरातीआधी ५० फोन करा. के. के. वाघ, केटीएचएम, संदीप, मेट अशा कॉलेजांतून सात ते पंधरा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांचे व्हॉट्सॲप गट असतातच. ‘पैसे दिले तर परत याल का?’ हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारायचं ते असं: ‘गेल्या दोन वर्षांत नाशिकला यायचा विचार शेवटचा कधी केला, आणि तो कशावर अडला?’

उत्तरं साधारण तीन ढिगांत पडतात. पहिल्या ढिगात साहेब परवानगी देत नाही. दुसऱ्यात एकाचं घरून काम चालतं, पण दोघांपैकी दुसऱ्याची नोकरी पुण्यातच आहे. तिसऱ्यात खर्च आणि झंझट. रोख पैसा फक्त तिसऱ्या ढिगाला हलवतो. दुसरा ढीग मोठा निघाला तर ७५,००० वाटण्यापेक्षा जोडीदारासाठी सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या कंपन्यांत आणि शाळा-दवाखान्यांत मुलाखती ठरवून देणारा एक माणूस नेमा. तो स्वस्त पडतो.

इथे एक पेच आहे आणि तो पूर्ण सुटत नाही. ज्यांचे आईवडील नाशकात आहेत ते टिकतात, पण तेच पैशांविनाही येण्याची शक्यता सर्वात जास्त. ज्यांचं इथे कुणीच नाही ते पैशाने येतात आणि पैशाबरोबर जातात. दोघांना एकच पाकीट देऊ नका. घरचं छप्पर असलेल्याला भाडं-डिपॉझिट नकोच असतं. त्याला बसायला टेबल, जोडीदाराची नोकरी आणि शाळेच्या प्रवेशाची माहिती द्या, रोख २५,००० पुरे. नवख्याला पूर्ण ७५,०००, पण पहिला हप्ता लहान.

काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसात काम करणाऱ्या हायब्रिडवाल्यांशी अंतराबद्दल खरं बोला. मुंबईला आठवड्यातून एक-दोनदा जाणाऱ्याला पंचवटी एक्स्प्रेस सोयीची. शिर्डीची वंदे भारत सकाळी मुंबईहून इकडे येते आणि संध्याकाळी परत जाते, तेव्हा ती नाशिककराच्या ऑफिसच्या कामाची नाही. माहितीपत्रकात तिचा फोटो छापू नका. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्याने कसारा घाटाचा जाच कमी झाला. पुण्याला मात्र सरळ रेल्वेमार्ग नाही. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणला अडकायचं. आठवड्यातून तीनदा पुण्याला जावं लागणाऱ्याचा अर्ज सरळ नाकारा, तो सहा महिन्यांत परत जाईल.

एक नियम सर्वात उपयोगी आहे आणि सर्वात जास्त विसरला जातो: मंजुरीपत्राची तारीख आधी, भाडेकराराची नंतर. घर आधीच घेतलेला, नोटीस आधीच दिलेला, मुलाचा प्रवेश आधीच झालेला अर्जदार बाद. एवढ्या एका अटीने तसेही येणारे बरेच गळतात.

खरंच राहतो का

आधार कार्ड मागू नका. निम्म्या अर्जदारांच्या आधारवर नाशिकचाच पत्ता आहे, बदललेला नाही. मतदार यादीचंही तेच. त्याऐवजी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, मुलाचं शाळेचं बोनाफाइड आणि कंपनीचं ‘नाशिकहून काम करण्यास परवानगी’ असं स्पष्ट लिहिलेलं पत्र घ्या. महावितरणचं बिल घ्याल तेव्हा पत्ता नाही, युनिट बघा. कुलूपबंद फ्लॅटचं बिल लगेच ओळखू येतं. आईवडिलांकडे राहणाऱ्याच्या नावावर बिल नसतं, करार नसतो. त्याला सामायिक जागेत महिन्यात किमान आठ दिवसांची हजेरी लावा. पगाराच्या बँक स्टेटमेंटवर जमा करणाऱ्याचं नाव आणि तारीख एवढंच पाहायचं, बाकी काळं करून द्यायला सांगायचं, आणि तपासून झाल्यावर प्रत नष्ट करायची.

हप्ते १५, ३०, ३० हजार: आल्यावर, सहा महिन्यांनी, अकरा महिन्यांचा करार वाढवल्यावर. जपानसारखी ‘परत करा’ अट लिहायला सोपी, वसूल करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. ३० हजारांसाठी कोण चढणार? न दिलेले पैसे वसूल करावे लागत नाहीत.

कधी

घोषणेची वेळ दिवाळीच्या आठवड्याची. तेव्हा पुण्या-मुंबईचे, बंगळुरूचे सगळे नाशकातच असतात आणि संध्याकाळी कॉलेज रोडवर भेटतात. डिसेंबरअखेर अर्ज, जानेवारीत मंजुरी, नोटीस पिरियड साठ ते नव्वद दिवस, मे महिन्यात टेम्पो, जूनमध्ये शाळा. जूनमध्ये घोषणा केलीत तर शाळेच्या वयाची मुलं असलेलं एकही कुटुंब वर्षभर हलणार नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास कुणालाही सामान आणायला सांगू नका, आणि पंचवटी-तपोवन भागात तर मुळीच नको.

काय बिघडतं

भाडं. ‘अनुदानवाले आले’ हे दलालाला कळलं की १८ चे २१ हजार होतात आणि अनुदान घरमालकाच्या खिशात जातं. म्हणून भाड्याची कमाल मर्यादा मंजुरीपत्रात लिहा आणि शंभर कुटुंबं एका भागात उतरवू नका.

रोष. ‘आमच्या पोरांना काम नाही आणि बाहेरच्याला पैसे’ हे पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल, आणि त्यात तथ्य आहे. निधीचा चौथा हिस्सा सुरुवातीपासून इथल्याच पहिल्या नोकरीवाल्यांसाठी ठेवा: सिन्नर-दिंडोरीच्या कारखान्यात रुजू होणाऱ्याला सहा महिन्यांचा बसपास आणि प्रशिक्षणाची फी. हे नंतर, ओरड झाल्यावर जोडलं तर लाच वाटते.

एकटेपणा. हा नवख्यांचा. टेबल दिलं पण शेजारी कुणी बसत नाही असं झालं तर टेबलाचा उपयोग नाही. म्हणून पहिल्या खेपेला ३० कुटुंबं एकदम आणा, महिन्याला तीन-तीन आणू नका.

उपयोग झाला का, ते कसं कळणार

पहिल्या दिवशी ठरवायचं, शेवटी नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त आले, आणि येतीलच, तर सारख्या गुणांच्या अर्जदारांत चिठ्ठ्या टाका. कोर्टात नाही तरी चहाच्या टपरीवर हे पटतं, आणि तपासणीची सोय आपोआप होते. चोवीस महिन्यांनी दोन्ही गटांना फोन करायचा, चिठ्ठी लागलेल्यांना आणि न लागलेल्यांना, प्रश्न एकच: सध्या कुठे राहता? लागलेल्यांतले ६० टक्के नाशकात आणि न लागलेल्यांतले १५ टक्के, तर फरक ४५ चा, निधी वाढवायला हरकत नाही. लागलेल्यांतले ६० आणि न लागलेल्यांतले ५०, तर रोख अनुदान तिथेच थांबवा, फिरतं डिपॉझिट चालू ठेवा आणि उरलेले पैसे जोडीदाराच्या नोकरीसाठी नेमलेल्या माणसाच्या पगाराला लावा.